बंद कवाडापुढचे मांजर

आपल्या पंचांगात मुक्या प्राण्यांना जागा कमी नाही. बैलासाठी पोळा आहे, गाय-वासरासाठी वसुबारस आहे, नागाची पंचमी आहे. पितृपक्षात कावळ्याची वाट पाहिली जाते आणि दत्तगुरूंच्या तसबिरीत श्वानांना पायाशी आसरा मिळतो. उंदरालासुद्धा गणरायाने वाहनाचा मान दिला. मांजराच्या वाट्याला मात्र यातले काहीच आले नाही. बंगालमध्ये बालकांचे रक्षण करणाऱ्या षष्ठीदेवीचे वाहन म्हणून मांजर पूज्य मानतात. आपल्याकडेही बाळाच्या पाचवी-सहावीला सटवाईची पूजा होते. पण तिच्या जोडीला मांजर पूजल्याचे आमच्या पाहण्यात नाही. आपल्या घरात ते येते, निजते, उंदीर धरते आणि एखाद्या दिवशी दिसेनासे होते. त्याच्या येण्याची जशी नोंद होत नाही, तशी जाण्याचीही होत नाही.

या महिन्यात या सदरात मांजराचा विषय घेण्याचे कारण, आपल्या पांढुर्णा-सौंसर भागात वाढत चाललेली कुलुपे हे होय. मुले नागपूर-पुण्याकडे नोकरीला गेली, त्यांच्या पाठोपाठ आईवडीलही वर्षातले काही महिने तिकडे राहू लागले. शेती बटईने दिलेली, घर बंद, आणि महालक्ष्म्यांना किंवा पोळ्याला चार दिवस कवाड उघडायचे, असा अनेक कुटुंबांचा परिपाठ झाला आहे. अशा घरांच्या ओट्यावर पुष्कळदा एक मांजर बसलेले आढळते. कुलूप लागले हे त्याला कळत नाही. दूध येण्याची वेळ झाली की ते कवाडाशी येते, थोडा वेळ ओरडते आणि पुन्हा ओट्यावर जाऊन बसते.

यावर आपल्याकडे एक ठरलेले उत्तर आहे : 'कुत्रे माणसाचे असते, मांजर घराचे असते.' हे वचन पूर्णपणे खोटे नाही. मांजर आपल्या वावरण्याच्या जागेला फार धरून असते. गाल आणि अंग चौकटीला, खांबाला, माणसाच्या पायाला घासून ते आपला गंध तिथे ठेवते आणि त्या गंधाच्या खुणांवर त्याचे स्वास्थ्य अवलंबून असते. परक्या जागी नेले की ते भेदरते, लपते, अन्नाला तोंड लावीत नाही. परंतु या निरीक्षणातून आपण जो अर्थ काढला, तो आपल्या सोयीचा आहे. मांजर घराचे आहे, तेव्हा ते घरापाशीच राहू द्यावे, असे म्हणून आपण बसगाडीत बसतो. ज्या घरात चूल पेटत नाही, ज्या अंगणात खरकटे पडत नाही, ज्या कोठीत दाणा नाही आणि म्हणून उंदीरही नाही, ते घर मांजराच्या लेखी घर उरत नाही, एवढा विचार मात्र आपण टाळतो.

घराला धरून राहणे म्हणजे काय, हे खरे तर आपल्या समाजाला कुणी शिकवावयास नको. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा नागपूर आणि विदर्भ मुंबई राज्यात गेले; छिंदवाडा जिल्ह्यासह आपले हे दोन्ही तालुके नव्या मध्य प्रदेशात राहिले. कचेरीची भाषा बदलली, राजधानी बदलली, पण आपण ओसरी सोडली नाही आणि घरातले बोलणेही बदलले नाही. २०२३ साली पांढुर्णा स्वतंत्र जिल्हा झाला आणि सौंसर त्यात समाविष्ट झाले; आपण मात्र होतो तिथेच आहोत. ज्यांनी जागेची एवढी ओढ स्वतः अनुभवली, त्यांना ओट्यावरच्या त्या प्राण्याची ओढ समजणे कठीण जाऊ नये.

मांजर माणसाकडे आले ते धान्यामुळे. भूमध्य समुद्रातील सायप्रस बेटावर सुमारे साडेनऊ हजार वर्षांपूर्वीच्या एका दफनात माणसाशेजारी पुरलेले मांजर संशोधकांना सापडले. २००४ साली हा शोध प्रसिद्ध झाला. बेटावर मांजरे मूळची नव्हती, म्हणजे ती माणसानेच होडीतून नेली असली पाहिजेत. शेती सुरू झाली, धान्य साठू लागले, धान्याला उंदीर लागले आणि उंदरांच्या मागे रानमांजर वस्तीपर्यंत आले. बैलाला आपण नाथ घातली, कुत्र्याला साखळी घातली. मांजराला कुणी पकडून आणले नाही. ते आपण होऊन कामावर रुजू झाले आणि त्याचे वेतन म्हणजे त्याने धरलेला उंदीर.

आपल्या जुन्या घरांत हा व्यवहार चोख चालत असे. ज्वारीच्या ढोल्या, तुरीच्या कणग्या, माळ्यावरचे बियाणे, खोलीभर रचलेला कापूस आणि वर कौलांचे छप्पर. अशा घरात मांजर नसेल तर घरधनीण शेजारणीकडून पिल्लू मागून आणी. आता घरे सिमेंटची झाली. कापूस वेचला की थेट बाजारात जातो, संत्रा बागेतूनच विकला जातो, धान्य पत्र्याच्या कोठीत किंवा किराण्याच्या पिशवीतून येते आणि दूध फ्रीजमध्ये बंद असते. उंदीर झालेच तर विषाच्या गोळ्या आणतात. त्या खाऊन मेलेला उंदीर मांजराने खाल्ला तर तेही मरू शकते. मांजराचे काम गेले आणि कामाबरोबर त्याचा घरातला हक्कही गेला. म्हणून आज मांजर पाळावयाचे असेल तर त्याचे कारणही निराळे असावे लागेल. उंदीर मारण्यासाठी चाकर म्हणून नव्हे, तर घरचा एक जीव म्हणून ते आणावे लागेल.

यात आपल्या कथावाङ्मयाने मांजराचे मोठे नुकसान केले आहे, हे मान्य केले पाहिजे. पंचतंत्रातला दधिकर्ण धर्मोपदेशाचे सोंग घेऊन न्याय मागायला आलेल्यांना खातो, हितोपदेशातला दीर्घकर्ण आंधळ्या गिधाडाचा विश्वास संपादून पक्ष्यांची पिल्ले फस्त करतो, आणि मनुस्मृतीने तर दांभिकाला 'बैडालव्रतिक' हे नावच देऊन टाकले. तमिळनाडूतील मामल्लपुरम येथे सातव्या शतकातील भव्य शिल्पपटावर एका पायावर तप करणारे मांजर कोरलेले आहे आणि त्याच्या भोवती उंदीर दाखविले आहेत. मांजर डोळे मिटून दूध पिते, शिंके तुटले की बोक्याचे फावते, मांजर आडवे गेले की काम होत नाही, हे सारे आपण लहानपणापासून ऐकतो. पण त्याच परंपरेत दुसरेही एक चित्र आहे, ते आपण विसरतो. भक्तिमार्गात शरणागतीचे दोन प्रकार सांगतात. माकडाचे पिल्लू स्वतः आईला घट्ट धरून राहते, तो मर्कटन्याय. मांजरीचे पिल्लू काहीच करीत नाही, आईच त्याला तोंडात धरून सुरक्षित स्थळी नेते, तो मार्जारन्याय. ईश्वराने भक्ताला कसे सांभाळावे हे सांगण्यासाठी आचार्यांना मांजरीच्या तोंडाहून चांगली उपमा सापडली नाही. ज्या दातांनी ती उंदीर मारते, त्याच दातांत पिल्लू धरते आणि पिल्लाला ओरखडाही उठत नाही.

मांजर मारणे हे महापाप, सोन्याचे मांजर दान केल्याखेरीज ते फिटत नाही, ही समजूत आपल्या दोन्ही भाषांत आहे. हिंदी शाळेत शिकलेल्या आपल्या पुष्कळ वाचकांना भगवतीचरण वर्मा यांची 'प्रायश्चित्त' ही कथा आठवत असेल. सुनेने फेकलेल्या पाटाने कबरी मांजर मेले असे समजून पंडित सोन्याचे वजन ठरवू लागतात, तोच मांजर उठून पळून जाते. त्या कथेत लेखकाने पंडिताच्या लोभाची थट्टा केली आहे. आम्हाला मात्र त्या समजुतीतली एक उणीव नेहमी खटकते. मारण्याला प्रायश्चित्त सांगितले, सोडून देण्याला सांगितले नाही. म्हणूनच मांजर मारायला आपला हात कचरतो, पण तीन आठवड्यांची पिल्ले पोत्यात घालून जाम नदीच्या किंवा कन्हानच्या पलीकडे सोडून यायला तोच हात कचरत नाही. 'त्याच्या नशिबाने जगेल' असे म्हणून माणूस मोकळ्या मनाने घरी परततो. त्या वयाच्या पिल्लाला शिकार येत नाही, अंगात ऊब टिकत नाही आणि गावातली कुत्री त्याला ठाऊक नसतात. त्याचे नशीब काय असणार, हे सोडणाऱ्यालाही मनातून कळते.

शास्त्राने न सांगितलेली ही गोष्ट आपल्या देशाच्या कायद्याने सांगितली आहे. थोर नर्तकी रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी राज्यसभेत सदस्य असताना प्राण्यांच्या छळाविरुद्ध विधेयक मांडले. पुढे सरकारने समिती नेमली आणि १९६० साली प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा झाला. भुकेने वा तहानेने हाल होतील अशा स्थितीत कोणताही प्राणी सबळ कारणावाचून सोडून देणे, हा त्या कायद्याच्या अकराव्या कलमाने अपराध ठरविला आहे. पहिल्या अपराधाला १९६० साली लिहिलेला दंड दहा ते पन्नास रुपयांचा. या रकमेने कुणी घाबरेल असे नाही. परंतु सोडून देणे हीसुद्धा क्रूरताच आहे, हे एका कायद्याने स्पष्ट शब्दांत म्हटले, याचे मोल रुपयांत करू नये.

आता मुद्द्याची गोष्ट. निराधार मांजर घरात घ्यावयाचे तर ते कसे?

प्रथम ते खरोखरीच निराधार आहे की नाही, हे पाहावे. कडब्याच्या गंजीत किंवा माळ्यावर पिल्ले सापडली आणि आई दिसली नाही की मुले ती उचलून आणतात. आई बहुधा भक्ष्य शोधायला गेलेली असते, किंवा जागा बदलताना एकेक पिल्लू नेत असते. मांजरी पिल्लांना सात घरे दाखविते, असे म्हणतात ते यावरूनच. म्हणून काही तास दुरून लक्ष ठेवावे. पिल्ले उबदार आणि शांत असतील तर आई येतजात आहे असे समजावे व तिच्यासाठी जवळपास अन्नपाणी ठेवावे. पिल्लू निदान आठ आठवड्यांचे होईपर्यंत आईपाशीच असावे. मात्र दुसऱ्या आठवड्यापासून त्याला रोज थोडा वेळ हळुवार हाताळले तर ते माणसाला भिणारे होत नाही. आई मेल्याची खात्री झाली असेल तरच पिल्लू घरात घ्यावे, त्याला प्रथम ऊब द्यावी आणि लगेच पशुवैद्याचा सल्ला घ्यावा. गाईचे दूध पिल्लांना सहसा मानवत नाही, हगवण लागून ती दगावतात. मोठ्या मांजरांतही पुष्कळांना दूध पचत नाही. मांजराला दुधाची वाटी ही आपली आवड. त्याला गरज असते ती स्वच्छ पाण्याची.

दुसरी गोष्ट अन्नाची, आणि येथे आपल्यातील माळकरी व अन्य शाकाहारी कुटुंबांशी स्पष्ट बोलले पाहिजे. मांजर हा पुरता मांसाहारी प्राणी आहे. टॉरिन नावाचे एक द्रव्य त्याच्या शरीरात पुरेसे तयार होत नाही. ते मांस-मासळीतूनच मिळते आणि मिळाले नाही तर डोळे व हृदय निकामी होऊ लागते. दूधभात आणि पोळीचा चुरा यांवर मांजर जगताना दिसते, ते बाहेर उंदीर-पाखरू मारते म्हणून. त्याला घरात कोंडून वरणभातावर ठेवणे हा धर्म नव्हे. ज्यांच्या घरात मांस शिजत नाही त्यांना बाजारात मांजरांसाठी मिळणारे तयार कोरडे खाद्य वेगळ्या भांड्यात देता येते. त्यातही प्राणिज द्रव्य असतेच, हे जाणून घ्यावे. हेही मनाला पटत नसेल तर मांजर न पाळणे हाच प्रामाणिक निर्णय होय, आणि त्यात कमीपणा काही नाही. अशा घराने पिल्लासाठी दुसरे घर शोधून दिले तरी तेवढेच पुण्य आहे. ज्यांच्याकडे सामिष शिजते त्यांनी मसाल्याचा रस्सा मांजरापुढे ठेवू नये; कांदा आणि लसूण त्याला अपायकारक असतात. मसाला घालण्याआधी बाजूला काढलेले, नुसते शिजवलेले, हाडाविना तुकडे द्यावेत.

तिसरी गोष्ट औषधपाण्याची. साधारण तीन महिन्यांचे झाल्यावर रेबीजची लस, नंतर पशुवैद्य सांगेल त्याप्रमाणे दरवर्षी; जंताचे औषध; आणि नसबंदी. मांजरी पाच-सहा महिन्यांची असतानाच माजावर येऊ शकते, सुमारे नऊ आठवड्यांत विते आणि पिल्ले अंगावर पीत असतानाही पुन्हा गाभण राहू शकते. पोत्यातल्या पिल्लांचा प्रश्न येथे सुरू होतो आणि येथेच तो मिटविता येतो. मांजरीची नसबंदी निसर्गाविरुद्ध आहे, असे म्हणणाऱ्यांनी नदीपलीकडे जाऊन एकदा पाहावे. ज्याला आपण ढोरांचा दवाखाना म्हणतो तिथे प्रथम चौकशी करावी. मध्य प्रदेशात २०२३ पासून १९६२ या क्रमांकावर दूरध्वनी करून फिरते पशुचिकित्सा पथकही बोलाविता येते. शस्त्रक्रियेची सोय जवळ नसेल तर नागपूर आपल्याला दूर नाही. लग्नाच्या खरेदीला आपण तिकडे जातोच. घरातली तापाची गोळी मात्र मांजराला कदापि देऊ नये. पॅरासिटामॉल त्याला विषासारखे आहे. मांजर चावले तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी आणि दवाखाना गाठावा. हळद-चुना लावून बसू नये. घरात गर्भवती असेल तर मांजराची घाण तिने उचलू नये, दुसऱ्या कुणी ती रोजच्या रोज काढावी आणि हात धुवावेत. एवढी काळजी घेतली तर मांजर घालवून देण्याचे कारण नाही.

चौथी गोष्ट संमतीची. मांजर मुलांच्या हट्टाने येते आणि त्याचे करणे घरच्या गृहिणीकडे जाते. रोजचा घास ज्या हातून पडणार आणि वाळूचे घमेले जो हात साफ करणार, त्या हाताची संमती आधी घ्यावी. नीट सांभाळलेले मांजर बारा-पंधरा वर्षे, कधी त्याहूनही अधिक जगते. शाळेत जाणारे मूल ते घेऊन येईल आणि मुलाचे लग्न होईपर्यंत ते घरात असेल. सत्तरी ओलांडलेल्या दांपत्याला सोबत हवी असेल तर पिल्लापेक्षा तीन-चार वर्षांचे, समंजस मांजर घेणे बरे. त्याचा स्वभाव कळलेला असतो, ते पडद्यावर चढत नाही, आणि आपल्यामागे त्याला कोण पाहील हेही शेजाऱ्याशी आधी बोलून ठेवता येते. घराबाहेर राहिलेली अशी प्रौढ मांजरे कुणी घेत नाही, सर्वांना पिल्लूच हवे असते. म्हणून हे आम्ही मुद्दाम सांगतो.

नवे मांजर आणताना पोत्यात घालून आणू नये. संत्र्याच्या एका कॅरेटवर दुसरे पालथे बांधले आणि आत जुने लुगडे अंथरले की हवेशीर पेटी तयार होते. पहिले दोन-तीन आठवडे त्याला एकाच खोलीत ठेवावे, लपण्यासाठी खोके द्यावे, ओढून बाहेर काढू नये. ते आपण होऊन येऊन पायाला अंग घासील, तेव्हा घर त्याचे झाले असे समजावे.

हीच रीत घर बदलताना उपयोगी पडते. मांजर घराचे असते हे खरे. पण त्याचे नवे घर करून देता येते. त्याची बसायची गोणी न धुता बरोबर न्यावी, म्हणजे ओळखीचा गंध सोबत राहतो. नागपूरला वरच्या मजल्यावर राहणार असाल तर खिडक्यांना जाळी लावावी. मांजर पडत नाही हा समज चुकीचा आहे. नेणे शक्यच नसेल तर निदान महिनाभर आधी शेजारी किंवा नात्यातले घर शोधावे, आपण गावात असतानाच ते तिकडे रुळू द्यावे आणि त्याच्या अन्नाचा व लसीचा खर्च उचलावा. 'आमच्या मागे त्याच्यापुढे काहीतरी टाकत जा' असे बसगाडीच्या पायरीवरून सांगणे, याला व्यवस्था म्हणत नाहीत.

येत्या महिन्यांत ज्यांचे घर काही काळ बंद राहणार आहे, त्यांनी वीज, पाणी आणि गॅस बंद केल्याची खात्री करताना एक गोष्ट आणखी पाहावी : ओट्यावर कोण बसले आहे. आणि ज्यांची घरे उघडी आहेत त्यांनी गल्लीतल्या बंद कवाडांकडे एकदा फेरी मारावी. तिथे बसलेल्या जिवाला पंचांगातला सण नको आहे, सोन्याचे दानही नको आहे. संध्याकाळी आत दिवा लागेल असे एक घर त्याला हवे आहे, आणि तशी घरे आपल्या पांढुर्णा-सौंसरात अजून पुष्कळ आहेत.